राल्फ व्हर्नीवरचा तुझा पहिला खर्डा

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

सतराव्या शतकातल्या या इंग्रज पार्लमेंट-सभासदावरचा तुझा खर्डा दोनदा वाचला. आधी किरकोळ दुरुस्त्या सांगते. ‘सर व्हर्नी’ असं कुठेही लिहू नकोस. ‘सर’ नावाला लागतं, आडनावाला नाही. म्हणजे सर राल्फ. दुसरं, तू त्याला उमराव करून टाकलंयस. बॅरोनेट म्हणजे उमराव नव्हे. पहिल्या जेम्सने पैसा उभा करायला १६११ साली ही वंशपरंपरागत पदवी काढली, किंमत १,०९५ पौंड. तिच्यामुळे लॉर्ड्समध्ये, म्हणजे उमरावांच्या सभागृहात, जागा मिळत नसे. म्हणून तर राल्फ १६६१ मध्ये बॅरोनेट झाल्यावरही पुढे कॉमन्समध्येच, म्हणजे लोकप्रतिनिधींच्या सभागृहातच, निवडून आला. आणि तारखा सांभाळ. तिकडे तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलायचं. विरोधातल्या पाच सभासदांना पकडायला राजा पहिला चार्ल्स स्वतः सभागृहात शिरला तो दिवस आपल्या हिशेबाने ४ जानेवारी १६४२, पण जुन्या कागदावर साल १६४१ असेल. तू तिथेच फसलीस.

आता मुख्य गोष्ट. तू पार्लमेंटपासून सुरुवात केलीस. मोह मला कळतो. आयल्सबरीचा हा तरुण सभासद बाकावर बसून कागदाच्या कपट्यांवर पेन्सिलीने टिपणं घेतो आणि ती टिकतात, १८४५ मध्ये छापलीही जातात. पण भाषणांची टिपणं घेणारा माणूस स्वतः काय भोगत होता, ते त्या कपट्यांत नाही. ते क्लेडनच्या घरात, म्हणजे व्हर्नींच्या वाड्यात, आहे. त्या घराण्याची सतराव्या शतकातली तीस हजारांच्या आसपास पत्रं राहिली, कारण राल्फ आलेलं पत्र टाकत नसे आणि पाठवलेल्याचा मसुदाही ठेवत असे. (पुढे ती निवडून ग्रंथरूपात आणायचं काम हाती घेतलं त्या घरच्या सुनेने, पार्थिनोपीने. फ्लॉरेन्स नाइटिंगेलची ही थोरली बहीण.)

घरातून पाहिलंस की राजा आणि पार्लमेंट यांच्यातली यादवी म्हणजे काय ते दिसेल. बाप सर एडमंड राजाचा निशाणबरदार. त्याला हे भांडण पसंत नव्हतं, राजाने नमतं घ्यावं असं वाटत होतं. पण तीस वर्षं ज्याचं अन्न खाल्लं त्याला सोडणार कसं? १६४२ च्या ऑक्टोबरात एजहिलच्या लढाईत तो पडला. निशाण धरलेला नुसता हात सापडला, ही कथा कथा म्हणूनच दे. मुलगा राल्फ पार्लमेंटच्या बाजूला. धाकटा भाऊ एडमंड राजाच्या फौजेत. त्याने राल्फला लिहिलेलं खरमरीत पत्र तू तळटीपेत ढकललंस! ते वर आण. दोघांचा पुढे समेट झाला, आणि १६४९ मध्ये आयर्लंडातल्या द्रोएदाला पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल याच्या सैनिकांनी एडमंडला मारलं.

१६४३ मध्ये पार्लमेंटने स्कॉटलंडशी केलेल्या धर्मकरारावर सही करायला राल्फने नकार दिला आणि तो फ्रान्सला निघून गेला. तू एका ओळीत त्याला ‘कच्चा’ ठरवलंस. एवढी घाई नको. राजाकडे जाऊन तो मोकळा होऊ शकला असता, पण गेला नाही. ज्या पक्षासाठी बापाविरुद्ध उभा राहिला, त्याच पक्षाने त्याचं सभासदत्व काढलं आणि जमिनीवर जप्ती आणली. मागे पाच बहिणी बिनलग्नाच्या, आणि त्यांच्या हुंड्याचा पैसा युद्धात अडकलेला. मला तो शूर वाटत नाही, पण कच्चाही नाही.

राल्फची बायको मेरी तर तुझ्या खर्ड्यात जवळजवळ नाहीच. तेराव्या वर्षी तिचं लग्न झालं, आईबाप नसलेली, जमिनीची वारस. जप्ती उठवायला १६४६ च्या अखेरीस गरोदर असताना एकटी लंडनला गेली, कारण बाईचा अर्ज अधिकाऱ्यांना सहज नाकारता येत नाही, असं घरच्यांचं, विशेषतः राल्फच्या मामाचं, डॉक्टर डेंटनचं, मत. वर्षभर ती कमिट्यांचे उंबरठे झिजवत होती. तिथे मुलगा झाला आणि काही महिन्यांत गेला. त्याच सुमारास फ्रान्समध्ये ब्ल्वाला लेक पेग गेली. १६४८ च्या जानेवारीत जप्ती उठली. दोन वर्षांनी ब्ल्वालाच मेरी वारली. राल्फने तिचा देह क्लेडनला पाठवला. स्वतः १६९६ पर्यंत जगला, पुन्हा लग्न केलं नाही.

उरलेलं थोडक्यात चालेल. दुसरा मुलगा जॉन सीरियातल्या अलेप्पोला व्यापार शिकला, तोच शेवटी वारस झाला आणि १७०३ मध्ये व्हायकाउंट. भाऊ टॉम मात्र गाळू नकोस. व्हर्जिनिया, बार्बाडोस, कर्ज, तुरुंग आणि जन्मभर राल्फकडे पैशाची मागणी. वर त्याच्यामागे अकरा वर्षं जगला. अशी पत्रं प्रत्येक घरात येतात, फक्त कोणी जपून ठेवत नाही.

पुढचा खर्डा मेरीच्या लंडनमधल्या मुक्कामापासून सुरू कर. पार्लमेंट तिसऱ्या प्रकरणात आलं तरी चालेल. आणि छापील निवडीवर थांबू नकोस, मूळ पत्रांच्या सूक्ष्मपटाची (मायक्रोफिल्मची) चौकशी मी इकडे करते आहे.

तुझी,
बाई