दालमिलच्या पट्ट्यात बोटं गेली, मुकादम सही मागतोय, काय करावं?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मिस्टर जळगावच्या एमआयडीसीत दालमिलवर, मुकादमाच्या हाताखाली. घसरलेला पट्टा पुलीवर चढवताना डाव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेली. वय 30, पगार 12,000, तोही रोख. आता मुकादम म्हणतो की शेठ दवाखान्याचं बिल भरेल, वर 50 हजार देईल, पण स्टॅम्प पेपरवर सही करा आणि कोणी विचारलं तर 'घरी कडबाकुट्टीत हात गेला' असं सांगा.

सही करू नका. कामगार संघटनेच्या कामात असले कागद मी बरेच पाहिलेत. पाचशेचा स्टॅम्प पेपर, टाईप केलेला मजकूर, 'मला सर्व रक्कम मिळाली, पुढे कोणताही हक्क सांगणार नाही', आणि खाली सहीला जागा. नुकसानभरपाईचा हक्क असा लिहून देता येत नाही, कायदा तो करार मानतच नाही. खरा धोका 'घरी लागलं' या एका ओळीत आहे. हक्क सहीने जात नाही, पण घटना कुठे घडली याबद्दल तुमच्याच सहीचा कागद उद्या तुमच्याविरुद्ध उभा राहतो.

म्हणून आधी दवाखान्याचा केस पेपर काढा. पहिल्या पानावर 'हिस्ट्री' म्हणून दोन-तीन ओळी असतात: कधी, कुठे, कशाने लागलं. जखमी माणूस कळवळत असतो, माहिती सोबत आलेला माणूस देतो, आणि सोबत बहुतेक वेळा मुकादमच असतो. तिथे 'मिलमध्ये, मशीनच्या पट्ट्यात' असं लिहिलंय का बघा. नसेल तर मिस्टरांनी स्वतः डॉक्टरांना सांगून तारखेसह नवी नोंद करायला लावावी. जुन्या ओळीवर खाडाखोड होऊ देऊ नका. एमएलसी (दवाखान्याने पोलिसांना कळवलेली अपघाताची नोंद) झाली असेल तर पोलीस जबाब घ्यायला येतील, तेव्हाही खरं तेच सांगायचं.

आता पैशाचं. 1923 चा नुकसानभरपाई कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, त्यामुळे वकील वेगळी कलमं सांगतील, गोंधळू नका. हिशोबाची रीत तीच आहे. महिन्याच्या पगाराचे 60 टक्के गुणिले वयाचा गुणांक (वयानुसार ठरलेला आकडा, कायद्याच्या तक्त्यात असतो), आणि त्यातून जितकी कमाईची क्षमता गेली तितके टक्के. तिसाव्या वर्षाचा गुणांक 207.98 आहे. 12,000 चे 60 टक्के म्हणजे 7,200, गुणाकार होतो 14,97,456. एका हाताची दोन बोटं पूर्ण गेली तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता 20 टक्के गेली असं धरलंय. म्हणजे जवळपास 2 लाख 99 हजार. समोर ठेवलेत 50 हजार! शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा, आणि काम बंद आहे त्या काळात दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचे 25 टक्के वेगळे. बिल भरणं हे शेठचे उपकार नाहीत, ते त्याच्यावर बंधनकारक आहे.

20 टक्के हीसुद्धा शेवटची रेघ समजू नका. डिसेंबर 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचं प्रकरण होतं, डावा हात कोपराच्या वरून गेलेला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली असं धरलं. तुमचे मिस्टर पोती उचलत असतील, पकड गेल्याने ते काम सुटणार असेल, तर हे वकिलाला आवर्जून सांगा.

एक गोष्ट मात्र आधी तपासा: पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जातो का. मिलमध्ये दहा किंवा जास्त माणसं आणि पगार 21,000 पर्यंत असेल तर नोंदणी करणं मालकाचं काम आहे. ईएसआय लागू असेल तर वरचा एकरकमी हिशोब बाजूला पडतो. मग बरं होईपर्यंत मजुरीच्या 90 टक्के आणि पुढे मेडिकल बोर्ड ठरवेल तसं दरमहा पेन्शन. अपघाताच्या लाभासाठी नोकरी किती दिवसांची हे बघत नाहीत, पहिल्या दिवशी लागलं तरी मिळतो.

'पट्टा चालू असताना हात घातला, चूक त्याचीच' असं मिलवाले म्हणतील. नुसत्या निष्काळजीपणाने भरपाई जात नाही. दारू पिऊन होता, किंवा मशीनची संरक्षक जाळी मुद्दाम काढून टाकली असं काही असेल तर वेगळं. उलट पट्ट्यावर जाळी होती का, हा प्रश्न त्यांना विचारा. सोबतच्या कोणाकडे मशीनचा मोबाइलवरचा फोटो असेल तर आजच मागून घ्या. जाळी नंतर बसते, रंगही लागतो.

रोख पगार असला तरी पुरावा असतो. हजेरीची वही, मुकादमाचे व्हॉट्सअॅप निरोप ('उद्या लवकर या, माल आलाय' एवढंही चालतं), फोनपेवर आलेली उचल, गेटवरची नोंद, सोबतचे दोन हमाल.

दाव्याला अपघातापासून दोन वर्षं मुदत आहे. खान्देशातली कितीतरी पोरं सुरतला कामाला आहेत, त्यांच्यासाठीही सांगतो: अपघात तिकडे झाला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो. वकिलाच्या फीची काळजी करू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. कारखान्यातल्या कामगाराला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 15100 वर फोन करूनही विचारता येतं.

हाताकडेही लक्ष द्या. टाके सुकले की उरलेली बोटं आखडायला लागतात, दुखतं म्हणून माणूस हात छातीशी धरून बसतो. डॉक्टरांना विचारून फिजिओथेरपी लवकर सुरू करा.

मुकादम गावचाच आहे, संबंध बिघडतील, ही तुमची भीती मला समजते. त्याला घरी बोलावून शांतपणे सांगा की दावा मिलवर लावतोय, कारण मुकादमासारख्या ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येते. त्या दोघांचा आपसातला हिशोब त्यांनी बघावा. आणि सही मागायला तो पुन्हा आला, तर 'वकिलाला दाखवून सांगतो' म्हणा आणि कागदाचा फोटो काढून ठेवा.