सातेरीच्या अळ्या थैलीसारख्या फुगून मरतात: रोग ओळखा, मग त्याचा माग काढा

प्रश्न (जावळी तालुक्यातील मधपाळ): माझ्याकडे सातेरी या देशी मधमाशीच्या बारा पेट्या आहेत. त्यातल्या तीन पेट्यांत पोळ्यातल्या मेणाने झाकलेल्या घरांना (अळ्यांच्या खणांना) भोके पडली असून आत अळ्या पाणी भरल्यासारख्या मरून पडल्या आहेत. दीड महिन्यापूर्वी जंगलातून एक वसाहत पकडून आणली होती. ती कमजोर होती म्हणून तिच्यात आणि इतर पेट्यांत पोळ्यांच्या चौकटींची देवाणघेवाण केली. दुकानदार म्हणतो, अँटिबायोटिकची पावडर पाकातून द्या. देऊ का? आणि हे आले कुठून?

उत्तर: पावडर देऊ नका. वर्णनावरून हा थाई सॅकब्रूड, म्हणजे विषाणूचा रोग दिसतो. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूवर नाही. वर तिचा अंश मधात उतरतो आणि मध विकताना तुम्हीच अडचणीत येता.

आधी खात्री करून घ्या. भोक पडलेल्या घरातली एक अळी चिमट्याने डोक्याकडून अलगद उचला. सॅकब्रूड असेल तर ती अखंड बाहेर येते. कातडीची पिशवी झालेली असते, आत पातळ पाणी, डोके वर उचललेले, आकार होडीसारखा. रंग आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, आणि वाळल्यावर काळपट खपली होते. ही खपली घरातून सहज निघते. याउलट अळ्या घर झाकण्याआधीच वेड्यावाकड्या होऊन मेल्या असतील आणि आंबूस वास येत असेल, तर तो युरोपियन फाउलब्रूड हा जिवाणूजन्य रोग असू शकतो. काडी खुपसून ओढल्यावर चिकट तार निघाली तर अमेरिकन फाउलब्रूडचा संशय घ्यावा. पोळ्यात मेणकिड्याची जाळी दिसली म्हणून त्यालाच दोष देऊ नका. वसाहत दुबळी झाली की तो येतोच.

पक्के निदान प्रयोगशाळेत आरटी-पीसीआर चाचणीने होते. दहा-पंधरा ताज्या, अजून पांढुरक्या असलेल्या अळ्या स्वच्छ डबीत घालून थेट बर्फात ठेवा. हा आरएनए विषाणू आहे आणि त्याचा आरएनए उष्णतेने लवकर खराब होतो. नमुना दोन दिवस एसटीच्या पार्सलमध्ये तापला तर रोग असूनही अहवाल ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेशी आधी बोलून मगच पाठवा. एक गोष्ट ध्यानात ठेवा: निरोगी दिसणाऱ्या माश्यांतही हा विषाणू सापडतो. नुसत्या ‘पॉझिटिव्ह’ शब्दावरून चांगली पेटी जाळायला निघू नका, अहवाल आणि अळ्यांची लक्षणे जोडीने वाचा.

आता ‘आले कुठून’. तुमचा संशय पकडून आणलेल्या वसाहतीवर आहे आणि तो रास्त आहे, पण अजून शिक्कामोर्तब करू नका. कागदावर बारा पेट्या जशा मांडल्यात तशा काढा. कोणत्या पेटीत लक्षण आधी दिसले, कोणत्या चौकटी कुठून कुठे गेल्या, तारखांसह लिहा. अळीला लागण लहानपणीच, दाई माश्यांनी भरवलेल्या अन्नातून होते आणि ती मरते घर झाकल्यावर. म्हणजे आज दिसणारी मेलेली अळी साधारण आठवडाभरापूर्वीची लागण दाखवते. मागे मोजत जा. तिन्ही आजारी पेट्यांनी त्या वसाहतीची चौकट घेतली असेल तर धागा जुळला. एकीने घेतलीच नसेल, तर पेट्या एकाच रांगेत आहेत का, माश्या चुकून दुसऱ्या पेटीत शिरतात का, दुसऱ्या पेट्यांतल्या माश्यांनी कमजोर पेटीतला मध लुटला का, सगळीकडे एकच सुरी फिरली का, हे पाहा. पेटीवर नंबर आणि झाकणाखाली वही नसेल तर हे सारे आठवणीवर राहते, आणि दीड महिन्यापूर्वीची चौकट कुणाला आठवते!

उपाय विषाणूची साखळी तोडण्याचा आहे. आजारी अळ्यांच्या चौकटी काढून जाळा. राणीला पिंजऱ्यात ठेवून दोन-तीन आठवडे अंडी थांबवा, म्हणजे लागण झालेल्या दाई माश्यांना भरवायला अळ्याच उरत नाहीत. मात्र सातेरी अळ्या नसलेली पेटी पटकन सोडते, म्हणून पेटीत थोडी भरलेली मधाची पोळी राहू द्या आणि साखरेचा पाक रात्रीच द्या, दिवसा दिल्यास लूटमार सुरू होते. पेटी, तळफळी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासून कडक उन्हात वाळवा. चौकटींची अदलाबदल पूर्ण बंद.

हे हलक्यात घेऊ नका. 1991-92 मध्ये याच रोगाने केरळ, कर्नाटक, तमिळनाडूतल्या सातेरीच्या बहुतांश वसाहती संपवल्या होत्या. पुढे तिथले मधुपालन वाचलेल्या वसाहतींपासूनच वाढवावे लागले. म्हणून तुमच्या ज्या पेटीत आजूबाजूला रोग असूनही अळ्या मोत्यासारख्या राहिल्या, तिचा नंबर लाल पेन्सिलने लिहून ठेवा. पुढच्या हंगामात राण्या तिच्यातूनच तयार करा, सर्वांत जास्त मध देणाऱ्या पेटीतून नव्हे.

शेवटी, आजारी पेटीतला मध खावा का, असे तुम्ही फोनवर विचारले होते: तो मध माणसाने खायला हरकत नाही, हा विषाणू माणसाला लागत नाही. दुसऱ्या पेटीला मात्र तो पाजू नका.