पहिली जपानवारी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मेच्या सुट्टीचे बेत ठरू लागले की जपानबद्दलची पत्रे वाढतात. आलेल्यांपैकी सात प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: दोन शाळकरी मुलांसह मे महिन्यात आठ रात्रींसाठी जायचे आहे. टूर कंपनीने टोकियो, हाकोने, नागोया, क्योटो, नारा, ओसाका आणि हिरोशिमा असा कार्यक्रम दिलाय. आम्हाला तिथली संस्कृती जवळून पाहायची आहे. कार्यक्रम ठीक वाटतो का? (ठाणे)

नाही, मला तो अजिबात पटत नाही. आठ रात्रींत सात गावे करायची तर निम्मी सहल बॅगा भरण्यात जाईल आणि उरलेले जपान बसच्या काचेतून दिसेल. तुम्हाला जे हवे आहे ते एका जागी निवांत बसल्यावरच मिळते. चहाच्या विधीला तासभर बसावे लागते, सुमोच्या आखाड्यापुढे अख्खी दुपार द्यावी लागते, मंदिरातली पहाटेची प्रार्थना ऐकायची तर रात्री तिथेच मुक्काम करावा लागतो.

माझे ऐकाल तर तीन रात्री टोकियो, चार क्योटो, एक कोयासान या मठांच्या डोंगरावर, आणि परतीचे विमान ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून. टोकियोहूनच परतायचे तिकीट काढलेत तर एक दिवस उलट प्रवासात वाया जातो. नारा आणि उजी ही गावे क्योटोहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याजोगी आहेत. उजी हे चहाचे गाव. मे महिन्यात तिथे वर्षाचा पहिला, कोवळा चहा आलेला असतो. चहाचा विधी तिथेच आधी वेळ घेऊन अनुभवा.

मे महिना चांगलाच, पण पहिला आठवडा टाळा. २९ एप्रिल ते ५ मे या दिवसांत लागोपाठ सुट्ट्या येतात, सगळा जपान घराबाहेर पडतो आणि हॉटेलांचे दर चढतात. १० मेच्या सुमारास पोहोचा. टोकियो-क्योटोतला चेरीचा बहर तोवर संपलेला असेल, पण त्याची हळहळ नको, कारण मे महिन्यात पाहण्यासारखे खूप काही असते. सुमोच्या वर्षात सहा मोठ्या स्पर्धा होतात, प्रत्येकी १५ दिवसांच्या. मेची स्पर्धा टोकियोत र्‍योगोकु भागातल्या कोकुगिकानमध्ये भरते. तिकिटे साधारण महिनाभर आधी विक्रीला येतात आणि झपाट्याने संपतात. सकाळपासून नवखे पैलवान खेळतात, तेव्हा सभागृह बरेचसे रिकामे असते. वरच्या श्रेणीचे मल्ल दुपारी उशिरा उतरतात आणि सहाच्या सुमारास शेवटची कुस्ती होते. कुस्तीआधी मल्ल मीठ उधळतात ते आखाडा शुद्ध करण्यासाठी, आणि वर टांगलेले छप्पर शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवळाच्या घाटाचे असते. मुलांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे ती कंटाळणार नाहीत.

त्याच महिन्यात टोकियोच्या आसाकुसा भागात तिसऱ्या शनिवार-रविवारी सान्जा मात्सुरी (मात्सुरी म्हणजे उत्सव) असते. खांद्यावरच्या पालख्या आणि गल्लोगल्लीचा जल्लोष मराठी माणसाला परका वाटत नाही. क्योटोत १५ मेला आओइ मात्सुरीची मिरवणूक जुन्या राजवाड्यातून निघून शिमोगामो आणि कामिगामो देवस्थानांना जाते. बैलगाड्या, घोडे, हजारेक वर्षांपूर्वीच्या हेइआन काळातले पोशाख, सगळे संथ चालीने. पाऊस असेल तर ती दुसऱ्या दिवशी निघते, म्हणून १६ तारीखही मोकळी ठेवा.

प्रश्न: आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, कांदा-लसूणही खात नाही. जपानमध्ये उपासमार होईल का? (नाशिक)

नाही, पण डोळे उघडे ठेवून खावे लागेल. मासा ताटात दिसला नाही तरी रश्शात असतो. मिसो सूप, उदोन आणि सोबा या शेवया, तेंपुराबरोबरची चटणी, या सगळ्यांच्या मुळाशी ‘दाशी’ नावाचे पाणी असते आणि ते बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाचे असते. “मीट नको” एवढे सांगून भागत नाही. मांस, मासे, अंडी आणि माशाचे दाशी चालत नाही, असे जपानीत लिहिलेले कार्ड हॉटेलच्या काउंटरवरून लिहून घ्या आणि प्रत्येक उपाहारगृहात आधी तेच दाखवा.

तुम्हाला निर्धास्त जेवता येईल ते कोयासानला. कूकाई या भिक्षूला ही जागा ८१६ साली मिळाली आणि शिंगोन या बौद्ध पंथाचे मुख्य पीठ इथे उभे राहिले. इथल्या अनेक मठांत यात्रेकरूंना मुक्काम मिळतो. जेवण ‘शोजिन र्‍योरी’ म्हणजे भिक्षूंचे शाकाहारी. परंपरेने त्यात कांदा-लसूण वर्ज्य आणि दाशी समुद्रशेवाळाचे किंवा शिताके अळंबीचे. तिळाचे मऊ गोमा-दोफू आणि गोठवून वाळवलेला टोफू म्हणजे कोया-दोफू मुद्दाम मागा. कंदमुळे मात्र असतात, हे जैन वाचकांनी लक्षात घ्यावे. आरक्षण करतानाच काय चालत नाही ते कळवा. जेवण संध्याकाळी सहाच्या आतबाहेर वाढतात, उशिरा पोहोचलात तर ताट चुकते.

ओसाकातल्या नाम्बा स्थानकावरून नानकाई कंपनीची गाडी गोकुराकुबाशीला जाते, तिथून केबल कारने वर. संध्याकाळी ओकुनोइनच्या वाटेने चालत जा. दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना जुने उंच सुगी (जपानी सीडार) वृक्ष आणि दोन लाखांहून अधिक समाध्या. टोकाला कूकाईंची समाधी. ते तिथे आजही ध्यानस्थ आहेत अशी श्रद्धा आहे आणि भिक्षू रोज दोनदा त्यांच्यासाठी अन्न नेतात. आळंदीला माउलींच्या संजीवन समाधीपुढे उभे राहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

प्रश्न: जपानमध्ये आपले देव आहेत असे ऐकले. कुठे पाहता येतील? (सातारा)

हा प्रश्न वाचून मला मनापासून आनंद झाला. बौद्ध धर्माबरोबर आपले बरेच देव चीनमार्गे तिथे पोहोचले आणि तिथलेच झाले. क्योटो स्थानकापासून चालत जाण्याजोगे तोजी मंदिर पाहा. ८२३ साली ते कूकाईंच्या हाती आले. त्याच्या व्याख्यानगृहात २१ मूर्तींचे मंडल आहे. त्यात बोन्तेन, म्हणजे ब्रह्मदेव, हंसांवर बसलेले आहेत आणि ताइशाकुतेन, म्हणजे इंद्र, हत्तीवर. तिथे घाई करू नका. सांजूसान्गेन्दो या मंदिरात सहस्रभुज कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्ती रांगेने उभ्या आहेत आणि त्यांचे २८ रक्षक आहेत. त्यांत बासरी वाजवणारा गरुड शोधा.

नाराच्या तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाचा नेत्रोन्मीलन विधी ७५२ साली बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाला. बिवा नावाचे तंतुवाद्य घेतलेली बेन्झाइतेन ही सरस्वती. आणि गणपती? तो ‘कांगितेन’ नावाने आहे, पण त्याची मूर्ती गुप्त ठेवतात, दर्शन होत नाही. आसाकुसाजवळच्या मात्सुचियामा शोदेन मंदिरात त्याला पांढरा मुळा वाहतात. मुळा तिथेच मिळतो, तुम्हीही वाहू शकता.

एक रीत सांभाळा. तोरी कमान असलेल्या शिंतो देवस्थानात दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एकदा नमस्कार. बौद्ध मंदिरात टाळ्या वाजवायच्या नाहीत, नुसते हात जोडायचे.

प्रश्न: जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा ठरावीक दिवसांचा पास, घ्यावा का?

नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये ७ दिवसांच्या साध्या पासची किंमत २९,६५० वरून ५०,००० येन झाली. टोकियो-क्योटो एकेरी भाडे १४ हजार येनच्या आसपास आहे, आणि थेट हिरोशिमापर्यंत जाऊन टोकियोला परत आलात तरी पासाची किंमत वसूल होत नाही. सुटी तिकिटे काढा, शहरात सुइका किंवा इकोका हे आधी पैसे भरून ठेवायचे प्रवास-कार्ड वापरा. टोकियोहून क्योटोला जाताना ‘ई’ क्रमांकाची खिडकीची जागा मागा, आकाश स्वच्छ असेल तर फुजी दिसतो. मोठ्या बॅगा हॉटेलमधून कुरियरने पुढच्या हॉटेलवर पाठवा, बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचतात. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग या मार्गावरच्या शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, न्यायची तर त्यासाठीची जागा आधी राखावी लागते.

प्रश्न: ऑन्सेनचा, म्हणजे गरम झऱ्याच्या कुंडातल्या स्नानाचा, अनुभव घ्यायचा आहे, पण सासूबाई सोबत आहेत, कपड्यांशिवाय स्नानाचा संकोच वाटतो. शिवाय त्यांच्या हातावर गोंदण आहे. (कोल्हापूर)

संकोच साहजिक आहे. स्त्री-पुरुषांची कुंडे बहुतेक ठिकाणी वेगळी असतात, पण पोहण्याचे कपडेही चालत नाहीत, हे खरे. तुमच्यासाठी ‘काशिकिरी’ म्हणजे कुटुंबापुरते राखून ठेवलेले कुंड उत्तम. पाऊण-एक तास ते फक्त तुमचे असते. र्‍योकान (पारंपरिक जपानी सराई) ठरवतानाच ते मागून घ्या. गोंदणाचा प्रश्नही त्यामुळे सुटतो. जपानमध्ये अंगावरच्या गोंदणाचा संबंध गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला गेल्याने बरीच स्नानगृहे गोंदलेल्यांना प्रवेश देत नाहीत. सासूबाईंच्या हातावरच्या गोंदणाचा त्यात काय दोष, पण नियम सरसकट असतो. किनोसाकी गावातल्या सातही सार्वजनिक स्नानगृहांत मात्र गोंदण चालते.

पाण्यात उतरण्यापूर्वी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचे, केस बांधायचे, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. स्नानानंतर घालायच्या युकाताची (सुती किमोनोची) डावी बाजू उजवीवर यायला हवी, उलट नेसवतात ते मृतांना. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर जमिनीवरच्या फुतोनऐवजी (गादीऐवजी) पलंग असलेली खोली मागा.

प्रश्न: क्योटोत गेइशा, म्हणजे पारंपरिक नृत्य-गायन करणाऱ्या कलावंत स्त्रिया, पाहायला मिळतील का?

गल्लीत ताटकळत उभे राहू नका. त्या कामाला निघालेल्या असतात आणि पर्यटकांच्या पाठलागाने रहिवासी इतके त्रासले की २०२४ मध्ये त्यांच्या गिओन या वस्तीतल्या खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद झाल्या. त्यांची कला पाहायची तर रंगमंचावर पाहा. मे महिन्यात पोन्तोचो भागात कामोगावा ओदोरी हा त्यांचा नृत्यप्रयोग असतो.

प्रश्न: वडिलांची औषधे आणि टोकियोतल्या भाच्यासाठी हापूस नेता येईल का? (रत्नागिरी)

डॉक्टरांनी लिहून दिलेली नेहमीची औषधे एक महिन्यापुरती नेता येतात. मूळ वेष्टनात ठेवा आणि इंग्रजी चिठ्ठी जवळ बाळगा. त्याहून जास्त हवी असतील तर निघण्यापूर्वी परवानगीपत्र काढावे लागते. सर्दीच्या गोळ्या आणि खोकल्याची औषधे नीट तपासा. स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असलेली औषधे तिथे बेकायदा आहेत आणि कोडीनवरही कडक निर्बंध आहेत. आंबा मात्र नेऊ नका. प्रवाशाच्या सामानातला ताजा हापूस विमानतळावरच काढून घेतला जाईल.