एका फाइलीवर दोन पॅकेजांचा दावा

प्रश्न : परभणीतल्या आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उबुंटूचे (लिनक्सचा एक प्रकार) 20 संगणक आहेत. मराठी फॉन्टांचं एक डेब पॅकेज (उबुंटूत बसवायचा फाइलींचा गठ्ठा) बाहेरून आणलं. ते बसवताना 'ट्राइंग टू ओव्हरराइट' (आधीच्या फाइलीवर लिहायचा प्रयत्न) असा संदेश येतो, पुढे आधीच बसवलेल्या 'फॉन्ट्स-लोहित-देवा' या फॉन्ट-पॅकेजचं नाव दिसतं आणि काम थांबतं. हे आधीच कळण्याची काही सोय आहे का? सक्तीने बसवलं तर चालेल का?
– प्रयोगशाळा सहायक, परभणी

उत्तर : सोय आहे, पण ती एपीटीत (पॅकेजं शोधून आणणाऱ्या आज्ञेत) नाही. पॅकेजकर्त्याने 'याच्याशी माझं जमत नाही' असं लिहून दिलं असेल तेवढंच एपीटी बघतं. फाइली तपासतं ते डीपीकेजी (पॅकेज प्रत्यक्ष बसवणारी आज्ञा), तेही पॅकेज उलगडायला घेतल्यावर. बसवलेल्या प्रत्येक पॅकेजच्या फाइलींची यादी त्याच्याकडे असते. हा सातबाराच म्हणा, फक्त इथे सामाईक खातं नाही. फोल्डर अनेकांचं चालतं, फाइल एकाचीच. दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या असल्या तरी डीपीकेजी सहसा अडवतंच. आरपीएम (फेडोरासारख्या दुसऱ्या लिनक्सांमधली तशीच आज्ञा) अशा वेळी बसवू देतं.

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत, टाइप रोमन लिपीत, लहान अक्षरांत कराव्यात.)

एका संगणकावर 'डीपीकेजी --कंटेंट्स' आणि पुढे डेब फाइलीचं नाव द्या. आतल्या सगळ्या फाइलींचे पत्ते दिसतील. शेवटी तिरकी रेघ असलेले पत्ते फोल्डरांचे, ते सोडा. उरलेला एकेक पत्ता 'डीपीकेजी --सर्च'ला द्या. मालक असेल तर नाव येईल. पत्त्याच्या सुरुवातीचा टिंब मात्र काढायचा. तो राहिला तर काहीच सापडत नाही आणि सगळं ठीक आहे असं उगाच वाटतं. भांडारातली (उबुंटूच्या ऑनलाइन साठ्यातली), अजून न बसवलेली पॅकेजंही तपासायची तर 'एपीटी-फाइल' बसवून, 'अपडेट' करून त्यात शोधा. कुणी हाताने कॉपी केलेल्या फाइली मात्र कुठल्याच यादीत नसतात. त्यांच्यावर डीपीकेजी न विचारता लिहितं.

सक्तीने बसवणारा '--फोर्स-ओव्हरराइट' हा पर्याय वापरू नका. फाइल नव्या पॅकेजच्या नावावर चढते. उद्या ते काढलंत की फाइलही जाते, आणि लोहित कागदोपत्री बसवलेलं, प्रत्यक्षात फॉन्ट गायब. हे आधीच झालं असेल तर नवं पॅकेज काढून 'एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल फॉन्ट्स-लोहित-देवा' चालवा.

पॅकेज बनवणाऱ्याशी संपर्क असेल तर लोहितची फाइल गठ्ठ्यातून काढून 'डिपेंड्स'मध्ये (आधी लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) त्या पॅकेजचं नाव घालायला सांगा. 'रिप्लेसेस' (त्या पॅकेजच्या फाइलींची जागा घेतो) असं लिहूनही अडथळा जातो, पण दुसऱ्याचा फॉन्ट आपल्या नावावर करून घ्यायची इथे गरजच नाही.