डेटाबेसमधील नोंदी १, १०, ११, २ अशा क्रमाने येतात. त्या संख्येनुसार कशा लावाव्यात?

आपण कॉलमचा प्रकार लिहिलेला नाही, परंतु १ च्या पाठोपाठ १० येत असेल तर तो व्हारचार किंवा टेक्स्ट, म्हणजे आकडेही अक्षरांसारखे डावीकडून एकेक ताडणारा मजकुराचा प्रकार आहे, हे वेगळे विचारावे लागत नाही. तातडीची सोय म्हणजे ऑर्डर बायमध्ये (क्वेरीतला क्रम ठरवणारा भाग) नुसते कॉलमचे नाव न देता ते इंटिजरमध्ये कास्ट करून, म्हणजे पूर्णांकात बदलून द्यावे. मी मात्र याला उपाय मानत नाही आणि त्यामागे एक जुना वाद आहे.

काही वर्षांपूर्वी मी ज्या प्रणालीवर काम करत होतो, तिच्यात नोंदक्रमांक हीच प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख) होती आणि तिचा प्रकार व्हारचार होता. ‘उद्या क्रमांकाला एखादे अक्षर जोडावे लागले तर?’ हे आमच्या टीम लीडचे कारण. ते अक्षर मी तेथे असेपर्यंत तरी आले नाही. क्रमांक १००१ पासून सुरू केलेले होते आणि समान लांबीच्या आकड्यांत अक्षरक्रम व संख्याक्रम एकच पडतो, त्यामुळे ही चूक दीर्घकाळ झाकलेली राहिली. नवा क्रमांक मॅक्स (आधीचा सर्वांत मोठा क्रमांक) अधिक एक असा काढला जाई (ही रीतही वाईटच, पण ते असो). ९९९९ नंतर १०००० ही नोंद सुरळीत जतन झाली. तिच्यापुढची मात्र काही केल्या होईना. अक्षरांच्या हिशेबाने ९९९९ हाच अजून सर्वांत मोठा होता, म्हणून प्रणाली पुन्हा १०००० हाच क्रमांक देई आणि प्रायमरी की तो डुप्लिकेट म्हणून नाकारी. दोघे जण एकाच क्षणी सेव्ह करत असावेत, या समजुतीने मी अर्धा दिवस लॉक (एकाच वेळी होणारे बदल आवरणारी सोय) तपासण्यात घालवला.

कारण सापडल्यावर मी कॉलम इंटिजर करण्याचा आग्रह धरला. त्याऐवजी डावीकडे शून्ये भरून सर्व क्रमांक सहा अंकी करावेत, असे ठरले. क्रम सुधारला, हे मान्य. परंतु कोणी सवयीने १००१ शोधले की ‘नोंद नाही’ असे उत्तर येऊ लागले, कारण तेथे आता ००१००१ होते. शून्ये भरणे म्हणजे संख्येला अक्षरांचा वेश चढवणे आहे, हे माझे मत आजही तसेच आहे.

कास्टवरच भागवणार असाल तर ऑर्डर बायला त्या कॉलमचा साधा इंडेक्स (नोंदी लवकर शोधण्या-लावण्यासाठीची सूची) उपयोगी पडत नाही. कास्ट केलेल्या एक्स्प्रेशनवर वेगळा इंडेक्स करावा लागतो. शिवाय एखाद्या नोंदीत अक्षरे असतील तर पोस्टग्रेस ही डेटाबेस प्रणाली त्रुटी देऊन क्वेरी थांबवते, तर मायएसक्यूएल ही दुसरी प्रणाली अक्षराने सुरू होणारी किंमत शून्य धरून ती नोंद गुपचूप यादीच्या वर आणून ठेवते.

फोन क्रमांक, पोस्टाचे कोड अशा गोष्टी मात्र टेक्स्टमध्येच ठेवाव्यात; त्यांची बेरीज कोणी करत नाही आणि त्यांच्या सुरुवातीचे शून्य गमावून चालत नाही. कॉलमचा प्रकार बदलण्यापूर्वी ७ आणि ०७ अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत का, हेही पाहून घ्यावे. इंटिजरमध्ये त्या एकच होतात आणि ती की युनिक (पुनरावृत्ती न चालणारी) असेल तर बदल तेथेच अडतो.