लेकीला ‘स्पेस’मध्ये जायचंय, पण प्लॉट विकू नका

नमस्कार.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचा टॉवेलचा कारखाना, मुलगी बारावी सायन्सला, आणि तिला खासगी अंतराळ कंपनीतच काम करायचंय. परराज्यातल्या एका खासगी कॉलेजात एरोस्पेसला घालायचं तर प्लॉट विकावा लागेल. हा धंदा टिकेल का, असं तुम्ही विचारलंत. धंदा टिकेल. प्लॉट मात्र विकू नका.

यातलं गणित कारखानदाराला लगेच कळेल. एक ताणा विणून झाला की माग भंगारात काढला, तर टॉवेल केवढ्याला पडेल? रॉकेटचं कित्येक दशकं तसंच चाललं होतं. स्पेसएक्स या अमेरिकन खासगी कंपनीने डिसेंबर 2015 मध्ये आपल्या फाल्कन 9 रॉकेटचा पहिला टप्पा, म्हणजे खालचा भाग, परत उतरवला आणि मार्च 2017 मध्ये वापरलेला टप्पा पुन्हा उडवला. खर्चाचा मोठा वाटा त्याच टप्प्यात, त्याच्या नऊ इंजिनांत असतो. पण उतरायला इंधन राखावं लागतं, त्यामुळे पृथ्वीजवळच्या कक्षेत 22.8 टनांऐवजी साधारण 17 टनच माल जातो. उड्डाणं भरपूर असतील तरच हा व्यवहार परवडतो. 2024 मध्ये फाल्कनची 130 हून जास्त उड्डाणं झाली, त्यातली निम्म्याहून अधिक कंपनीच्या स्वतःच्या स्टारलिंक उपग्रहांसाठी. त्या वर्षी इस्रोची झाली पाच. आपल्याकडे स्कायरूट (नोव्हेंबर 2022) आणि अग्निकुल (मे 2024) या खासगी रॉकेट कंपन्यांची पहिली उड्डाणं कक्षेपर्यंत न जाणारी, चाचणीची होती. म्हणून केवळ रॉकेट बांधणाऱ्यांच्या नोकऱ्यांवर चार वर्षांची फी लावणं मला धोक्याचं वाटतं.

खरा पैसा उपग्रहांच्या सेवांत आणि सुट्या भागांत आहे. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या वालचंदनगरात इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या मोटरची (घन इंधन भरलेल्या नळकांड्याची) आवरणं बनतात. व्यास 2.8 मीटर, पोलाद मॅरेजिंग, म्हणजे खास मजबूत जातीचं. वेल्डमध्ये केसाएवढी फट राहिली तरी दाबाखाली तिथूनच तडा जातो, म्हणून प्रत्येक जोड तपासावा लागतो. जानेवारी 2023 मध्ये व्हर्जिन ऑर्बिट या खासगी कंपनीच्या रॉकेटमध्ये इंधनाच्या नळीतली गाळणी जागची हलली, दुसऱ्या टप्प्याचं इंजिन तापलं आणि उपग्रह नष्ट झाले. पैशांची चणचण आधीच होती, एप्रिलमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. वेल्डिंग, मशिनिंग आणि तपासणी जाणणारा इंजिनिअर या क्षेत्रात म्हणूनच लागतो. मंदी आली तरी तो दुसऱ्या कारखान्यात उभा राहू शकतो.

तेव्हा पहिला प्रयत्न तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या सरकारी अंतराळ शिक्षणसंस्थेसाठी करा, तिथे प्रवेश जेईई अॅडव्हान्स्डवरून होतो. नाही जमलं तर सीईटीवरून चांगल्या कॉलेजात मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स. सोलापुरातही ते शिकता येतं.

शिवाय परीक्षा संपली की तिला एक काम द्या. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, नकाशे करायचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअरही फुकट आहे. मोहोळ किंवा पंढरपूर तालुक्यातलं एखादं गाव घ्यायचं आणि बँड 8 (अवरक्त प्रकाश) व बँड 4 (लाल प्रकाश) वरून वनस्पती निर्देशांक, म्हणजे हिरवेपणाचं माप, काढून उसाचा नकाशा करायचा. बहुतेक मुलं एकाच तारखेचं चित्र घेतात आणि तिथेच चुकतात. जानेवारीत ऊसही हिरवा, ज्वारीही हिरवी. एप्रिलचं चित्र शेजारी ठेवलं की ज्वारी कापलेली दिसते, तोडणी न झालेला ऊस उभा असतो. डाळिंबाची बाग मात्र तरीही फसवते, त्यासाठी आणखी तारखा लागतात. एक ठिपका 10 बाय 10 मीटरचा, म्हणजे एकरात जेमतेम 40 ठिपके. बांधावरच्या ठिपक्यांत दोन पिकं मिसळतात, ते वगळायचे. पावसाळ्यात ढग आडवे येतात, तेव्हा ढगांतूनही पाहणारं सेंटिनेल-1 उपग्रहाचं रडार वापरायचं. शेवटी मोबाइलवर जीपीएस लावून 30-40 शेतं स्वतः पाहायची आणि नकाशा किती ठिकाणी चुकला ते मोजायचं. चुकांच्या आकड्यांसह असा नकाशा तिने मुलाखतीत दाखवला, तर विचारणाऱ्याला तिचं काम दिसेल. आणि हे तिला आवडतंय की नाही, तेही महिनाभरात कळेल.

तरीही त्या खासगी कॉलेजाचा मोह सुटत नसेल, तर फी भरण्याआधी एकच गोष्ट लेखी मागा: गेल्या तीन वर्षांत एरोस्पेसची किती मुलं, कुठल्या कंपनीत, नेमक्या कुठल्या कामावर लागली.