सांगलीत मॉल का टिकत नाहीत? लोकांची खर्च करायची मानसिकताच नाही म्हणून का?

मानसिकतेचा विषय काढलाच आहे, तर आधी तेच बोलू. लग्नसराईत आमच्या कापड पेठेत येऊन उभे राहा. तासगाव, कवठेमहांकाळ, जतकडचं एखादं घर बस्ता बांधायला येतं, तेव्हा वीस-पंचवीस माणसं गादीवर बसतात. मानाच्या साड्यांपासून टॉवेल-टोपीपर्यंत सगळं एका बैठकीत घेतात आणि बिल लाखांत जातं. ही माणसं खर्चाला भितात? ती खर्च करतात ऊसबिल जमा झाल्यावर, बेदाणा विकल्यावर, हळदीची पट्टी हातात पडल्यावर. मॉलमधल्या दुकानाचं भाडं मात्र दर महिन्याला द्यावं लागतं, सुगी असो वा नसो. शिवाय इथली तरुण मुलं सुट्टीच्या दिवशी पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापूरच्या डीवायपी सिटी मॉलमध्ये जातातच की.

आणि मुंबईचं काय? 1999 मध्ये हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स मॉल उघडला, तेव्हा नुसती बघ्यांचीच इतकी गर्दी झाली की मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर 60 रुपये भरा, मगच आत या, असा नियम केला होता. मुंबईकरांच्या मानसिकतेवर तेव्हा कुणी बोट ठेवलं नाही.

इतक्या तावातावाने लिहितेय, कारण हेच वाक्य मी घरात वर्षानुवर्षं ऐकत आलेय. माझे काका आजही म्हणतात, "आपला गाळा चांगला होता, सांगलीची माणसं मागासलेली."

2005 च्या पुरात आमच्या कापड दुकानात पाणी शिरलं. भिजलेलं ठाण वाळवून विकता येत नाही, गाळाचा डाग आणि वास जात नाही. काकांनी ठरवलं, आता उंचावर जायचं. ते बरोबरच होतं. माझं म्हणणं एवढंच होतं, की विश्रामबागला, म्हणजे शहराच्या उंचावरच्या भागात, रस्त्यालगत दुकान घेऊ. काकांना हवा होता नव्या मॉलमधला दुसऱ्या मजल्यावरचा गाळा. माहितीपत्रकात काचेची लिफ्ट, सरकते जिने, सगळ्यात वर मल्टिप्लेक्स. दुकानाचे हिशेब मी बघायचे, म्हणून करारनाम्याचा मसुदा माझ्याकडे आला. तो मी दोनदा वाचला. मल्टिप्लेक्सचं नाव त्यात कुठेच नव्हतं. तळमजल्यावर मोठं दुकान कुणाचं येणार, तेही नव्हतं. बिल्डरच्या माणसाला विचारलं, तर म्हणाला, "बोलणी चालू आहेत, ताई."

मी घरी स्पष्ट सांगितलं: सगळे गाळे सुटे सुटे विकून मोकळा झाल्यावर ह्या माणसाला मॉल चालला काय नि बंद पडला काय, फरक काय पडणार? काका म्हणाले, "तू खतावणी सांभाळ." वडील गप्प बसले. गाळा घेतला.

मल्टिप्लेक्स आलं नाही. निम्म्या गाळ्यांचे मालक भाव वाढायची वाट बघत शटर ओढून बसले. आमच्या शेजारी क्लास निघाला, समोर झेरॉक्सवाला आणि विम्याचं ऑफिस. साडी घ्यायला बाई तिथे दोन जिने का चढेल? देखभालीचे पैसे थकले तसा सरकता जिना आधी दुपारचा बंद राहू लागला, मग कायमचाच. काका पेठेतल्या गल्ल्यातले पैसे त्या दुकानात ओतत राहिले आणि शेवटी ते बंद केलं.

म्हणून सांगते, मॉल टिकतो की नाही हे बरंचसं गाळे विकले की भाड्याने दिले यावर ठरतं. 1956 मध्ये अमेरिकेत व्हिक्टर ग्रुएनने साउथडेल मॉल बांधला, त्यात एकमेकांशी स्पर्धा असलेली दोन मोठी दुकानं मुद्दाम एकाच छताखाली आणली. गर्दी ती खेचणार आणि मधल्या छोट्या दुकानांचा धंदा त्यावर होणार. आपल्याकडेही चालणाऱ्या मोठ्या मॉलमध्ये मालक एक असतो. मोठ्या दुकानाला तो कमी दरात जागा देतो. बाकीच्यांकडून बहुतेक वेळा किमान भाडं किंवा विक्रीचा ठरलेला टक्का, यातलं जे जास्त असेल ते घेतो. तुमची विक्री वाढली तर त्याचं उत्पन्न वाढतं, म्हणून तो जिनाही चालू ठेवतो. गुडगावला एमजी रोडवरच्या सुरुवातीच्या बऱ्याच मॉलमध्ये गाळे विकले होते. तिथे दिल्लीचा पैसा होता, तरी ते मागे पडले.

सांगलीची पेठ वाढली ती वेगळ्या कारणाने. 1801 मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरज संस्थानातून वेगळे झाले, सांगली राजधानी झाली आणि व्यापारी नदीजवळच्या या गावात येऊन वसले. आता बाजार विश्रामबागकडे सरकतोय, त्यात कृष्णेच्या पुराचा हात मोठा आहे.

2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45. पेठ पुन्हा बुडाली. तेव्हा काका म्हणाले, "बघ, आपला मॉल कोरडा आहे." होता कोरडा. पण तो गुण उंचीचा, मॉलचा नव्हे. विश्रामबाग चौकातली रस्त्यावरची दुकानंही कोरडीच होती, आणि ती चालूही होती. त्यानंतर आम्ही तिकडेच तळमजल्यावर, रस्त्याकडे तोंड असलेली जागा भाड्याने घेतली. दुकान चांगलं चाललंय.

तुम्ही गाळा घ्यायच्या विचाराने विचारलं असेल, तर मोठ्या दुकानाचं नाव आणि ते येण्याची तारीख करारात लिहून घ्या. लिहून देत नसतील तर उठून या. 2017 पासून महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण आहे, त्याच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे मंजूर नकाशे घरबसल्या बघता येतात, तेवढे तरी बघाच. किराण्याला मात्र माझं हे गणित लावू नका. डी-मार्ट शक्यतो स्वतःच्या मालकीच्या जागेत दुकान काढतं, त्याच्यासमोर पेठेतला किराणावाला खरंच अडचणीत येतो.

काका हे वाचतील, मला ठाऊक आहे. काका, त्या मसुद्याची प्रत माझ्याकडे आहे. मल्टिप्लेक्सचं नाव कुठल्या पानावर होतं, ते दाखवा.